हिरवळ सोडवत नाही आणि विष मारवत नाही : तुमचे अनुभव सांगा

दवबिंदू
आज सकाळी शेजारी गवत कापत होते. खिडकीतून तो वास आत आला आणि हातातलं काम तसंच राहिलं. बाबांच्या रविवारला हाच वास असायचा. ते मोवर ढकलत पुढे, मी अनवाणी मागे, तळवे हिरवेगार. त्यांची हिरवळ म्हणजे गालिचा. एखादं रुंद पान दिसलं की फवारा, मुळं खाणाऱ्या हुमणी अळीसाठी दरवर्षी पावडर. मी अगदी लहान असताना कुंपणापाशी काजवे यायचे, मग यायचे थांबले. काजव्यांच्या अळ्या मातीत, पालापाचोळ्यात वाढतात, हे मी मोठेपणी वाचलं. बाबांना ते कधीच कळलं नाही. आणि काजवे त्यांना इतके आवडायचे!

आता माझी स्वतःची बाग आहे. विष नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवलं. पण लेकीला लोळायला मऊ हिरवळही हवी आहे, आणि खरं सांगायचं तर मलाही हवी आहे. तीन वर्षं झाली, निम्म्या भागात लव्हाळा, निम्म्यात उघडी माती. तुम्ही कसं जमवता?

खुरपं
लव्हाळा नुसता ओढू नका, तुटतो आणि खालच्या गाठीतून परत येतो. माती ओली असताना खोल खुरपून गाठीसकट काढायचा. मी दोन वर्षं रोज १५ मिनिटं हेच केलं. संपला नाही, पण आटोक्यात आहे.
आणि गवत फार खुरटं कापत असाल तर आधी ते थांबवा. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त नको. उंच गवताची सावली मातीवर पडते, तणाचं बी कमी रुजतं, मुळंही खोल जातात. कापलेलं तिथेच पसरू द्या, त्यातला नायट्रोजन मातीला परत मिळतो.

रानजाई
बाबांचं वाचून डोळे भरले. दार वाजतंय, नंतर लिहिते.

पानगळ
आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो होतो. ब्रिटनमधल्या प्लांटलाइफ संस्थेने २०१९मध्ये मे महिना गवत न कापण्याची मोहीम सुरू केली, त्याबद्दल वाचून मी पूर्ण महिनाभर हात लावला नाही. बारीक पांढरी फुलं आली, मधमाश्या आल्या, रोज सकाळी तिथेच उभी असायचे. महिना संपल्यावर नवऱ्याने एका सकाळी सगळं एकदम सपाट केलं. पात्यात एक बेडूक आला. नवरा स्वतः दोन दिवस धड बोलला नाही.
आता कडेची पट्टी कापतच नाही. बाकीचं कापताना मधून बाहेरच्या दिशेने जातो, म्हणजे आतल्या जिवांना पळायला वाट राहते. आधी एकदा काठी फिरवतो.

चिमणचारा
पानगळ, बेडकाचं वाचून कसंतरीच झालं. पण मधून बाहेर जायचं हे आम्हालाही उपयोगी पडेल, दादाला सांगते.

मातीमाय
क्लोव्हर लावा!! जमिनीलगत पसरणारी, तीन-तीन पानांची छोटी वनस्पती. त्याच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू असतात, ते हवेतला नायट्रोजन मातीत आणतात, नायट्रोजनचं खत फारसं लागत नाही. पूर्वी हिरवळीच्या बियाण्यात तो मुद्दाम मिसळत. १९४०च्या दशकात २,४-डी हे तणनाशक आलं, ते रुंद पानांची झाडं मारतं आणि गवत सोडतं. त्यात क्लोव्हरही मरायला लागला आणि मग त्यालाच तण म्हणायला लागले. मला या गोष्टीचा अजून राग येतो.

कुंपणवेल
@मातीमाय क्लोव्हरच्या फुलांवर मधमाश्या येतात. माझा मुलगा अनवाणी खेळताना डंख बसला, पाय भोपळ्यासारखा सुजला. आता खेळायच्या भागातली फुलं येताक्षणी कापते, कडेला राहू देते.

मातीमाय
अगं बाई! बरा आहे ना आता?

कुंपणवेल
हो हो, मागच्या वर्षीची गोष्ट. आता तोच मधमाश्या मोजतो.

ओलावा
माझी अडचण पाण्याची. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. माझी हिरवळ ५० चौरस मीटर, १० मिलिमीटर दिलं की ५०० लिटर गेले. हा हिशेब केल्यावर नळी हातात धरवेना. कोरड्या दिवसांत गवत पिवळं पडू देते. हरळी आहे, मुळं जिवंत राहतात, पाणी मिळालं की परत हिरवी होते. ते पिवळेपण बघायची सवय व्हायला मात्र दोन वर्षं लागली.

रानजाई
आले. माझा विषय हिरवळ नाही, गुलाब आहे, चालेल ना? माव्यासोबत काळे, काटेरी, नारिंगी ठिपक्यांचे किडे दिसायचे. मी ते एकेक चिरडत होते. एका ताईंनी फोटो पाहून सांगितलं, अगं, ही लेडीबर्डची, त्या लाल ठिपकेदार भुंग्याची अळी, मावा खाते ती! त्या दिवशी बागेत बसून रडले. आता काहीही मारण्याआधी निदान आठवडाभर बघते.

चिमणचारा
पक्ष्यांसाठी पाणी ठेवणाऱ्यांनो, भांडं दर दोन दिवसांनी आतून घासा. डासांची अंडी कडेला चिकटतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. आमच्याकडे दोघांना डेंग्यू झाल्यावर ही शिस्त आली.
कुणाकडे गोगलगायी आहेत का? मला फार आहेत.

खुरपं
रात्री टॉर्च घेऊन वेचा. मीठ नको, माती खराब होते. गोगलगायी मारायच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्याही नकोत, कुत्र्याने खाल्ल्या तर जिवावर बेततं.

वाऱ्याची झुळूक
दवबिंदू, तो वास म्हणजे गवताच्या जखमेचा वास. पान फाटलं की ती रसायनं हवेत सुटतात. काही झाडांच्या बाबतीत त्याच वासाने अळ्यांवर जगणाऱ्या गांधीलमाश्या येतात. हे कळल्यावरही मला तो तितकाच प्रिय आहे.

दवबिंदू
जखमेचा वास... हे मनातून जाणार नाही आता.
सगळं वाचलं. दुपारी लेकीला घेऊन दोरी लावली. तिला लोळायला लागते तेवढी जागा तिनेच आखली, एवढीशी निघाली! तेवढीच हिरवळ नीट राखणार, लव्हाळा रोज खुरपणार. कुंपणाकडचा भाग सोडला, पालापाचोळाही तिथेच राहील. काजव्यांचं तिला अजून सांगितलं नाही.

खुरपं
मोवरच्या पात्याला धार लावून घ्या. बोथट पात्याने गवत कापलं जात नाही, फाटतं, आणि टोकं पिवळी पडतात.