फिंचची चोच दुष्काळात मोठी झाली म्हणजे नेमकं काय झालं?

तापीकाठ_चोपडा:
पोरगी बारावीला आहे, काल विचारत होती की गॅलापागोस बेटांवरच्या फिंच पक्ष्यांची चोच दुष्काळात मोठी झाली ती कडक बिया फोडून फोडून झाली का, आपल्या हाताला कुदळीने घट्टे पडतात तशी? मी हो म्हणून मोकळा झालो पण मनाला पटेना. कोणी नीट सांगा भो, पोरीच्या डोक्यात चुकीचं राहायला नको.

बायो_मॅडम_धुळे:
दादा, तुमचे घट्टे पोरीच्या हाताला आले का? नाही ना, तसंच हे. एकाही पक्ष्याची चोच वाढली नाही. डॅफ्नी मेजर या छोट्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे शास्त्रज्ञ नवरा-बायको १९७३ पासून पक्षी पकडून पायात कडी घालायचे, चोच मोजायचे. १९७७ ला पाऊसच नाही. बारीक बिया आधी संपल्या, मग उरले सराटे, म्हणजे आपल्या बांधावरच्या गोखरूच्याच कुळातली तिथली जात. जाड चोचीचे ते फोडून जगले, बाकीचे बहुतेक मेले, आणि चोचीची जाडी आईबापाकडून येते त्यामुळे पुढची पिल्लंही जाड चोचीचीच. जगलेल्यांची चोच आधीच्या सरासरीपेक्षा जाड होती ती जेमतेम अर्धा मिलिमीटर, पण जगणं-मरणं तेवढ्यावर ठरलं.

कपाशीवाला:
मॅडम बरोबर. पोरीला गुलाबी बोंडअळीचं सांगा, लगेच कळेल. बीटी, म्हणजे झाडातच अळीचं विष असलेलं कपाशीचं बियाणं, २००२ ला आलं तेव्हा अळी मरायची, पण लाखात एखादी तग धरणारी होतीच, तिचीच पिलावळ वाढत गेली आणि २०१७ ला बोंड फोडलं की आत अळी, सरकी पोखरलेली, वेचला तो सगळा कवडी कापूस. अळीला सवय झाली असं गावात सगळे म्हणतात, मीपण म्हणायचो, पण सवय नाही, निवड झाली. पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटी बी यायचं ना कडेने लावायला, ते याच्यासाठीच, तिथले अळीचे साधे पतंग जगावेत आणि या तगड्यांची जोडी त्यांच्याशी लागावी, म्हणजे पिलावळ परत बीटीला मरणारी निघते. आम्ही ते लावलंच नाही, याचं आजही वाईट वाटतं.

तापीकाठ_चोपडा:
मग चोच अशी जाडच होत जाणार का?

बायो_मॅडम_धुळे:
नाही दादा. १९८३ ला एल निनोमुळे, म्हणजे पॅसिफिक समुद्राचं पाणी तापल्यामुळे, तिथं धो धो पाऊस झाला, जिकडेतिकडे बारीक बिया, मग त्यानंतर लहान चोचीवाले जास्त टिकले. पाऊस बदलला की निवड बदलते. पोरीला एक वाळलेला सराटा फोडायला द्या.

तापीकाठ_चोपडा:
दिला. नखाने फुटला नाही, पक्कडीने फोडला तर आत दोन-तीन बारीक बिया. ती म्हणे, पप्पा, एवढ्यासाठी?