'पातळ थर', 'तनुपटल' की नुसती 'फिल्म'? प्रदूषक वायू ओळखणाऱ्या संवेदकाच्या निमित्ताने

अनुवादिका, नाशिक
एका विज्ञान प्रदर्शनासाठी भित्तिफलकांचा मराठी मजकूर तयार करत आहे. त्यातला एक फलक हवेतील प्रदूषक वायू ओळखणाऱ्या संवेदकांविषयी आहे. काचेवर किंवा सिरॅमिकच्या चकतीवर कथील, जस्त किंवा टंगस्टन यांच्या ऑक्साइडचा काहीशे नॅनोमीटर जाडीचा थर दिलेला असतो, तो साधारण २०० ते ४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि वायूचा संपर्क आला की त्याचा विद्युतरोध बदलतो. मी 'धातूंच्या ऑक्साइडांचे पातळ थर' असे लिहिले होते. मजकूर तपासणाऱ्यांनी ते खोडून 'तनुपटल' केले आणि समासात लिहिले की 'पातळ' हे विशेषण आमटीचे असून 'थर' म्हटले की एकावर एक रचलेले असे वाटते. आमच्या घरात दुधावर सायीचा पातळ थरच येत असे, त्यामुळे हा आक्षेप मला पटला नाही. आपण काय लिहाल?

निवृत्त प्राध्यापक, पुणे
तपासणाऱ्यांचा अर्धा आक्षेप योग्य आहे. 'पटल' म्हणजे आवरण. नेत्रपटल, कर्णपटल हे शब्द शाळकरी मुलांनाही ठाऊक आहेत आणि दोन्ही ठिकाणी अत्यंत पातळ, अखंड आणि काहीतरी जाणवून घेणारे आवरण अभिप्रेत आहे. वायुसंवेदकासाठी याहून समर्पक शब्द मला सुचत नाही. 'तनु' म्हणजे पातळ, पण तो शब्द मी घेणार नाही, कारण मराठी वाचकाला त्यातून आधी शरीर आठवते. 'पातळ पटल' लिहावे.

संशोधक विद्यार्थी, कोल्हापूर
आमच्या प्रयोगशाळेत सगळे 'फिल्म'च म्हणतात. तापलेल्या पत्र्यावर काचपट्टी ठेवायची, झिंक ॲसिटेटचे द्रावण बारीक तुषारांच्या रूपात फवारायचे आणि काचेवर हळूहळू जांभळट, मग हिरवट झाक दिसू लागली की आम्ही म्हणतो, 'फिल्म बसली.' ती झाक म्हणजे जाडीचा पहिला अंदाज असतो. फवारा जोरात पडला किंवा काच नीट धुतलेली नसली, तर थंड होताना कडेपासून आवरण उचलले जाते आणि चिमट्याचे टोक लागताच सुटून येते. त्याला मात्र आमच्यापैकी प्रत्येक जण न शिकवता 'पापुद्रा सुटला' असेच म्हणतो. म्हणजे चांगल्या फिल्मला मराठी शब्द नाही आणि बिघडलेल्या फिल्मला भाकरीवरून आलेला नेमका शब्द आहे. हे मला बरेच दिवस खटकत आहे.

कोशप्रेमी, सांगली
शब्द नाही असे कसे? 'कल्हई' आहे. पितळेच्या भांड्यात कथलाचा हात फिरवून जे आवरण बसवतात, ते धातूचे पातळ आवरणच आहे. आमच्या दारात कल्हईवाला भाता लावून बसत असे. भांडे तापवून त्यात नवसागर टाकला की पांढरा धूर उठायचा आणि कापसाच्या बोळ्याने कथील पसरताच काळपट पितळ एका क्षणात चांदीसारखे उजळायचे. 'कल्हई' हा शब्द अरबीतून आला, तिथे त्याचा अर्थच कथील. आणि आपले 'कथील' संस्कृत 'कस्तीर'पर्यंत मागे जाते. ज्या कथलाच्या ऑक्साइडवर आज संवेदक उभे आहेत, त्या धातूचे आवरण देणारा जिवंत शब्द आपल्याकडे असताना 'पटल' कशाला हवे?

निवृत्त प्राध्यापक, पुणे
आठवण सुंदर आहे, पण शब्द चुकीचा ठरेल. कल्हई शुद्ध धातूची असते आणि तिचे काम अन्न कळकू न देणे, म्हणजे संपर्क तोडणे हे आहे. संवेदकाचे काम संपर्क घडवणे हे आहे. 'मुलामा' हा शब्दही त्याच कारणाने बाद होतो. शिवाय त्याला खोटेपणाचा वास आहे.

वैद्य, रत्नागिरी
ऑक्साइडसाठी 'भस्म' विचारात घ्यावे. यशदभस्म हे मुख्यतः झिंक ऑक्साइड आहे आणि वंगभस्म मुख्यतः कथलाचे ऑक्साइड.

संशोधक विद्यार्थी, कोल्हापूर
भस्म म्हटले की डोळ्यांसमोर पूड येते, काचेला घट्ट धरून बसलेले आवरण येत नाही. 'ऑक्साइड' आता मराठीच आहे.

अनुवादिका, नाशिक
याच फलकावर दुसरे एक वाक्य आहे आणि त्यावरूनही वाद झाला. मी 'हा थर वायू शोषून घेतो' असे लिहिले होते. तेही खोडले गेले.

संशोधक विद्यार्थी, कोल्हापूर
ते खोडलेच पाहिजे होते. स्पंज पाणी शोषतो, टीपकागद शाई शोषतो. तिथे पदार्थ आत जातो. इथे सगळा व्यवहार पृष्ठभागावर चालतो. तापलेल्या कथील ऑक्साइडच्या पृष्ठभागावर हवेतला ऑक्सिजन बसतो आणि ऑक्साइडमधले इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतो, त्यामुळे रोध वाढलेला असतो. कार्बन मोनॉक्साइड किंवा हायड्रोजन सल्फाइड आला की तो या ऑक्सिजनशी अभिक्रिया करतो, अडकलेले इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध घटतो. थर पातळ आणि कण बारीक का हवेत, याचे उत्तर यातच आहे, कारण एकूण द्रव्याच्या मानाने पृष्ठभाग जास्त मिळतो.

निवृत्त प्राध्यापक, पुणे
म्हणूनच 'अधिशोषण' हा रूढ पारिभाषिक शब्द वापरावा. 'अधि' म्हणजे वर. अर्थ शब्दातच आहे.

कोशप्रेमी, सांगली
फलक वाचणाऱ्या सातवीतल्या मुलीला 'अधि' दिसणार नाही, 'शोषण' दिसेल, आणि तिचा नेमका तोच गैरसमज होईल जो आपण टाळू पाहत आहोत. मराठीत पृष्ठभागावर येऊन बसण्यासाठी 'धरणे' हे क्रियापद आहे. दुधावर साय धरते, विहिरीच्या पायरीला शेवाळ धरते. यातले काहीही आत मुरत नाही. 'तापलेले आवरण हवेतला ऑक्सिजन धरते' असे लिहिले तर कुठे बिघडले?

निवृत्त प्राध्यापक, पुणे
बोलीतील क्रियापदाला शास्त्रात एकच अर्थ उरला पाहिजे. 'धरणे'ला मराठीत अनेक अर्थ आहेत. हीच मुलगी पुढे अकरावीत 'अधिशोषण' वाचेल तेव्हा तो शब्द तिला परका वाटू नये, ही जबाबदारीही फलकाची आहे.

फुकुओका येथून
मी क्यूशू विद्यापीठाच्या गावात राहते, म्हणून लिहिते. झिंक ऑक्साइडच्या अशाच पातळ आवरणाने वायू ओळखता येतो हे त्या विद्यापीठातील सेइयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली प्रसिद्ध केले. त्याच काळात तागुची यांनी कथील ऑक्साइडच्या संवेदकाचे पेटंट घेतले आणि १९६८पासून जपानमध्ये असे संवेदक विकले जाऊ लागले. जपानीत या आवरणाला 'हाकुमाकु' म्हणतात. 'हाकु' म्हणजे पातळ आणि 'माकु' म्हणजे तेच अक्षर जे कानाच्या पडद्याच्या आणि डोळ्याच्या पडद्याच्या जपानी नावांत येते. प्राध्यापकांनी सुचवलेले 'पातळ पटल' तंतोतंत याच घडणीचे आहे. परंतु तिथे कारखान्यातला कामगारही 'हाकुमाकु' म्हणतो. आपल्याकडे प्रयोगशाळेतला विद्यार्थीच 'पटल' म्हणत नाही, हा फरक लक्षात घ्यावा.

संशोधक विद्यार्थी, कोल्हापूर
मान्य आहे, आणि त्यात आमचाही दोष आहे. उद्यापासून वहीत मी 'पटल' लिहून पाहतो. पण 'पटल बसले' असे तोंडातून निघेल की नाही, हे सांगता येत नाही.
फलकाबाबत मात्र एक गोष्ट शब्दांहून महत्त्वाची आहे. 'प्रदूषक वायू आला की रोध कमी होतो' असे सरसकट लिहू नका. नायट्रोजन डायऑक्साइड स्वतःच इलेक्ट्रॉन ओढून घेतो, त्यामुळे कथील किंवा टंगस्टनच्या ऑक्साइडचा रोध तो वाढवतो. वाहनांच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड दोन्ही एकत्र असतात आणि संवेदकाला एकाच वेळी दोन्हीकडून ओढ बसते.

अनुवादिका, नाशिक
हे वाक्य तर मूळ मजकुरातच चुकलेले आहे. मी ते जसेच्या तसे आणले होते. छपाई सोमवारी आहे. आता 'रोध बदलतो' असे करते आणि खाली दोन्ही वायूंचे वेगळे वाक्य जोडते. 'ऑक्सिजन धरते' लिहिले आहे, तपासणारे ठेवतील का पाहू. शीर्षकातला शब्द अजून ठरलेला नाही.

कोशप्रेमी, सांगली
'ओढ बसते' हे चांगले आहे. तेही घ्या.