मदत हवी आहे: मधुचंद्रासाठी आफ्रिकेतली शांत, गर्दी नसलेली सफारी

नमस्कार मंडळी,

जानेवारीत आमचं लग्न आहे आणि मधुचंद्राला आफ्रिकेच्या जंगलात जायचं हे दोघांचंही पक्कं ठरलंय. नेमकं कुठे जायचं, इथे मात्र घोडं अडलंय. जाणकारांचा सल्ला हवाय.

आम्हा दोघांनाही जंगलात गर्दी सोसत नाही. मला पक्ष्यांचं वेड आहे, त्याला पायी भटकायची आवड. एखाद्या झाडाखाली तासभर थांबून समोर जे घडतंय ते बघत बसावं, एवढीच अपेक्षा. 'बिग फाइव्ह'ची (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानरेडा) यादी पुरी झाली नाही तरी आम्हाला मनापासून चालेल. पण मारा नदीवरचे ऑगस्टमधले व्हिडिओ पाहिले आणि धसकाच घेतला. विल्डबीस्टचे (मोठ्या आफ्रिकी हरणांचे) कळप पाण्यात उड्या घेतायत आणि काठावर गाडीला गाडी चिकटलेली. टांझानियातल्या न्गोरोंगोरोच्या विवराचंही तेच वाचलं: तळ जेमतेम २६० चौरस किलोमीटरचा, सगळ्यांना दिवसाउजेडीच आत जायचं असतं, मग एकेका सिंहाभोवती गाड्यांचं कडं पडतं. लग्नानंतरचे पहिले निवांत दिवस आम्हाला इंजिनांच्या घरघरीत काढायचे नाहीत.

सुट्टी दोन वेळा मिळू शकते. एक तर लगेच फेब्रुवारीत, नाहीतर थांबून जून-जुलैत. दोन्ही वेळी साधारण दहा-बारा दिवस. खर्चाची तयारी माणशी रात्रीला सहाशे डॉलरपर्यंत, त्यात राहणं, खाणं आणि सफारी सगळं आलं. आतली विमानं वेगळी धरली आहेत.

आत्तापर्यंतच्या वाचनातून तीन नावं पुढे आली: केनियात मसाई माराला लागून असलेल्या कॉन्झर्व्हन्सी (खासगी संवर्धन क्षेत्रं), झांबियातलं साऊथ लुआंग्वा आणि बोट्सवानातला ओकावांगो नदीचा त्रिभुज प्रदेश. ओकावांगोचे फोटो पाहून जीव अडकलाय, पण तिथल्या खासगी कॅम्पचे हंगामातले दर माणशी रात्रीला हजार डॉलरच्याही पुढे जातात. तो मोह बहुतेक सोडावाच लागेल. तरी कुणाला त्यातून वाट माहीत असेल तर जरूर सांगा.

आणखी एक गोष्ट सतावते आहे. कॅम्प कितीही लहान असला तरी सफारीची गाडी बहुधा इतरांबरोबर वाटून घ्यावी लागते. मला एका खंड्यापाशी अर्धा तास थांबायचं असेल आणि मागच्या बाकावरच्या चौघांना सिंह बघायचा असेल, तर काय करायचं? मधुचंद्राला आलेल्या जोडप्याला स्वतंत्र गाडी मिळते का? कुणी प्रत्यक्ष राहून आलं असेल तर ठिकाणाइतकंच याबद्दलही लिहा.

*

प्रतिसाद १

अभिनंदन! एक सुचवते. 'कोणता देश' या प्रश्नाआधी 'कोणत्या प्रकारची जमीन' हा प्रश्न सोडवा. गर्दीचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

मसाई मारा राष्ट्रीय राखीव क्षेत्र सुमारे १,५१० चौरस किलोमीटरचं आहे. तिथे फी भरून कोणीही येऊ शकतं. दिवसभराची फेरी मारणाऱ्या गाड्याही येतात. त्याला लागूनच्या कॉन्झर्व्हन्सींचा हिशोब निराळा आहे. नाबोइशो, ओलारे मोटोरोगी, मारा नॉर्थ ही त्यातली मोठी नावं. ती मसाई कुटुंबांच्या मालकीची जमीन आहे. कॅम्पवाले त्यांना दरमहा भाडं देतात आणि त्या बदल्यात खाटांची संख्या मर्यादित ठेवली जाते. आत फक्त तिथल्या कॅम्पमध्ये उतरलेले पाहुणे फिरतात. एका प्राण्यापाशी मोजक्याच गाड्या थांबू देतात. राखीव क्षेत्रात बंदी असलेल्या तीन गोष्टी इथे करता येतात: रात्रीची सफारी, गाईडबरोबर पायी फिरणं आणि रस्ता सोडून गाडी नेणं.

कुंपण कुठेच नाही, त्यामुळे प्राणी तेच. सिंह, चित्ते, बिबटे या पट्ट्यात वर्षभर असतात. फेब्रुवारीत जाणार असाल तर मी डोळे झाकून इथलंच नाव घेईन. तो दोन पावसांमधला कोरडा काळ असतो. विल्डबीस्टचे मोठे कळप तेव्हा दक्षिणेला सेरेंगेटीच्या न्दुतू भागात विणीसाठी गेलेले असतात आणि गर्दीही त्यांच्यामागे गेलेली असते. युरोपातून आलेले स्थलांतरित पक्षी अजून परतलेले नसतात, हा तुमच्यासाठी वरचा फायदा. मार्चच्या मध्यानंतर मोठा पाऊस धरतो, तेव्हा पुढे ढकलू नका.

बुकिंगच्या वेळी एक गोष्ट नक्की विचारा: कॅम्प कॉन्झर्व्हन्सीच्या आत आहे की राखीव क्षेत्राच्या फाटकाबाहेर? नावात 'मारा' दोघांच्याही असतं. फाटकाबाहेर उतरलात तर रोज राखीव क्षेत्रात जावं लागेल आणि तिथली फी भरावी लागेल. परदेशी प्रौढांना ती २०२४ पासून दिवसाला जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आहे. कॉन्झर्व्हन्सीची फी वेगळी असते, बऱ्याच कॅम्पच्या दरात ती धरलेली असते. तेही लेखी विचारून घ्या.

*

प्रतिसाद २

जून-जुलै जमत असेल तर साऊथ लुआंग्वा. पायी फिरायची आवड आहे हे वाचलं आणि राहवेना.

आज आपण ज्याला वॉकिंग सफारी म्हणतो ती सफारी गाईड नॉर्मन कार यांनी याच खोऱ्यात रुजवली आणि झांबियातली गाईडची परवाना परीक्षा आजही कसून घेतली जाते. सकाळी उजाडताना निघायचं. पुढे बंदूकधारी स्काऊट, मागे गाईड, त्यामागे एका रांगेत पाहुणे, अगदी थोडे. बोलणं जवळजवळ नाही. गाडीतून जे नजरेतून निसटतं ते पायी समजतं: रात्री तरस कुठून गेलं, हत्तीने कोणती साल सोलली, मुंग्यांच्या वारुळावर कुणी अंग घासलं. मोठे प्राणी लांबूनच बघायचे असतात. पण गाडीच्या उंचीवरून दिसणारा हत्ती आणि आपण जमिनीवर उभे असताना दिसणारा हत्ती यात फार फरक आहे. बहुतेक कॅम्प बारा वर्षांखालच्या मुलांना पायी नेत नाहीत, त्यामुळे आतल्या बुश कॅम्पवर कुटुंबांची वर्दळ कमी असते.

या आतल्या कॅम्पमध्ये तीन-चार, फार तर पाच-सहा झोपड्या. बरेचसे गवत-बांबूचे असतात, पुराआधी उतरवतात आणि पाऊस संपल्यावर पुन्हा उभारतात. म्हणूनच फेब्रुवारीत ते नसतात. मातीचे रस्तेच पाण्याखाली जातात. ते साधारण जूनमध्ये उघडतात आणि जून तुलनेने स्वस्तही पडतो. गवत थोडं उंच असतं, पण खोरं हिरवं असतं आणि माणसं कमी. मुफुवेच्या मुख्य फाटकाजवळ मात्र मुक्काम नको. तिथे लॉज दाटीने आहेत आणि संध्याकाळी बिबट्यापाशी गाड्या जमतात. नदीच्या पूर्वेचा न्सेफू भाग किंवा त्याहून उत्तरेचे कॅम्प बघा.

पक्ष्यांबद्दल खरं ते सांगायला हवं. नदीच्या उभ्या काठात बिळं करून राहणाऱ्या किरमिजी वेड्या राघूंच्या वसाहती ऑगस्टअखेरीस सुरू होतात. जूनमध्ये त्या दिसणार नाहीत. लिलियनचे लव्हबर्ड आणि मुकुटधारी क्रौंच दिसतील. इथला थॉर्निक्रॉफ्ट जिराफ या खोऱ्याबाहेर जंगलात कुठेच नाही. गेंडा नाही, तो शिकारीत संपला. जून-जुलैच्या पहाटे उघड्या गाडीत हाडं गोठतात, लोकरीची टोपी न्या. कपडे मातकट रंगाचे. गडद निळ्या आणि काळ्याकडे त्सेत्से माश्या धावतात.

*

प्रतिसाद ३

मी डॉक्टर आहे, तेवढ्यापुरतं लिहिते. वर आलेली सगळी ठिकाणं मलेरियाच्या पट्ट्यात आहेत. गोळ्या घ्यायच्याच. अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही जोडगोळी जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस घेतात. डॉक्सिसायक्लिन स्वस्त पडते, पण परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावी लागते आणि उन्हाने त्वचा भाजू शकते. तिथल्या उन्हात याचा विचार करा.

मधुचंद्र आहे म्हणून मुद्दाम सांगते. लगेच मूल हवं असा विचार असेल तर हे डॉक्टरांना आधी सांगा. गरोदरपणातला मलेरिया आईला आणि बाळाला दोघांनाही घातक असतो, वरच्या दोन्ही गोळ्या तेव्हा सहसा देत नाहीत आणि यलो फीव्हरची जिवंत लसही शक्यतो टाळतात. अशा वेळी दक्षिण आफ्रिकेतलं माडिक्वे हा चांगला पर्याय आहे. मलेरिया नाही, दिवसभरासाठी येणाऱ्या गाड्यांना प्रवेश नाही, रानकुत्रे दिसायची शक्यता चांगली.

केनियाला जाणार असाल किंवा नैरोबीत बराच वेळ थांबून पुढे झांबियाला, तर यलो फीव्हरचा दाखला लागू शकतो. लस किमान दहा दिवस आधी घ्या. २०१६ पासून हा दाखला आयुष्यभर चालतो. परतल्यावर काही महिन्यांत कधीही ताप आला तर आफ्रिकेला जाऊन आल्याचं पहिल्या वाक्यात सांगा. विम्यात हवाई रुग्णवाहिका आहे ना, तेही बघा. बुश कॅम्पपासून हॉस्पिटल फार लांब असतं.

*

प्रतिसाद ४

गाडीच्या प्रश्नाबद्दल. स्वतंत्र गाडी जवळजवळ सगळीकडे मिळते, पण दिवसाचे काही शे डॉलर जास्त मोजावे लागतात आणि ती बुकिंगच्याच वेळी मागावी लागते. चार झोपड्यांच्या कॅम्पवर गाईडच दोन-तीन असतात. तिथे पोचल्यावर मागितली तर गाडी असेल, पण चालवायला माणूस नसेल. सगळे दिवस घेऊ नका. एका कॅम्पवर घ्या, दुसऱ्यावर पायी फिरा. चालताना सगळेच गप्प असतात.

जेवणाचंही विचारून ठेवा. कित्येक लहान कॅम्पमध्ये सगळ्यांची पंगत एकाच लांब टेबलावर बसते, गाईडही सोबत असतो. गप्पा छान होतात, पण नवीन जोडप्याला रोज रात्री त्या हव्या असतीलच असं नाही. आधी कळवलं तर वेगळं टेबल मांडतात. पलंग जोडून हवेत हेही लिहा, पुष्कळ तंबूंत दोन सुटे पलंग असतात. काही कॅम्प नवविवाहितांना दरात सवलत देतात. लग्नाचा दाखला मागतात आणि लग्नाला किती महिने झाले यावर अट असते, म्हणून जूनचा विचार असेल तर हे आत्ताच विचारा.

दर दोन दिवसांनी कॅम्प बदलू नका. ते करणाऱ्यांचा अर्धा मधुचंद्र धावपट्ट्यांवर जातो. दोन कॅम्प, फार तर तीन. एका जागी चार रात्री राहिलं की गाईडला तुमची आवड कळते, मग तोच खंड्यापाशी गाडी थांबवतो. छोट्या विमानात सामान माणशी १५ ते २० किलो, तेही मऊ बॅगेत. कडक सूटकेस त्या विमानाच्या पोटात बसत नाही.

ओकावांगोचा जीव अडकलाय म्हणता, तर त्याचं गणित असं आहे. अंगोलात पडलेला पाऊस महिनोन् महिने वाहत येतो आणि पाणी जून ते ऑगस्टमध्ये चढतं, म्हणजे तिथे थेंबही पडत नसतो तेव्हा. मोकोरो होडीतून फिरण्याचे ते दिवस आणि सर्वात महाग दरही तेव्हाच. फेब्रुवारीत दर बरेच उतरतात. त्या वेळी बोट्सवानाला गेलात तर मध्य कालाहारी जोडा. ५२,८०० चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र, पावसानंतर डिसेप्शन व्हॅलीत कोवळं गवत येतं, स्प्रिंगबॉक आणि ओरिक्स जमतात, मागोमाग काळ्या आयाळीचे सिंह. तिथल्याइतका एकांत मी आफ्रिकेत दुसरीकडे अनुभवला नाही. ऊन आणि वादळी सरी सोसायची तयारी मात्र हवी.

*

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री दोघांनी बसून एकेक प्रतिसाद वाचला. डॉक्टर ताई, तुम्ही लिहिलेलं कुणी सहज बोलत नाही, त्याबद्दल विशेष आभार. त्यावर आमचं बोलणं झालं.

जूनअखेर झांबिया ठरतंय. किरमिजी राघू हुकणार याचं वाईट वाटलं, पण पायी फिरणं त्यापेक्षा वरचढ ठरलं. पाच रात्री लुआंग्वात, त्याही दोन वेगळ्या बुश कॅम्पवर, एकातून दुसऱ्यात चालत जाता आलं तर उत्तमच. मग तीन-चार रात्री झांबियातल्याच लोअर झांबेझी राष्ट्रीय उद्यानात, झांबेझी नदीच्या काठी. केनियाच्या कॉन्झर्व्हन्सी पुढे कधीतरी फेब्रुवारीत, हे आत्ताच लिहून ठेवलंय.

एक शंका उरली. लोअर झांबेझीत कॅनूतून फिरवतात. मला फार जायचंय, पण त्याला पोहता येत नाही आणि पाणघोड्यांबद्दल वाचून तो बिचकलाय. जबरदस्ती करायची नाही. हे कितपत सुरक्षित असतं?

*

प्रतिसाद २

पोहता येण्या-न येण्याने तिथे फारसा फरक पडत नाही. मगरींमुळे त्या पाण्यात कुणीच उतरत नाही आणि लाइफ जॅकेट मागून घालता येतं. कॅनूसाठी वेगळा परवाना असलेला गाईड सोबत असतो. तो काठाजवळच्या उथळ पाण्यातून नेतो आणि वल्हं कॅनूवर आपटत राहतो, म्हणजे पाणघोड्यांना आपण येतोय हे कळतं आणि ते खोल पाण्याकडे सरकतात. धोका शून्य नाही, तसं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. मुख्य नदीऐवजी बेटांमागच्या चिंचोळ्या प्रवाहातून नेतील का, ते विचारा. तिथे पाणी शांत असतं आणि पक्षी भरपूर.

तरीही त्याचं मन घेत नसेल तर लहान मोटरबोट मागा. इंजिन बंद करून प्रवाहावर सोडून देतात, हत्ती बेटांवर पोहत जाताना दिसतात आणि बोटीत तुम्ही दोघं आणि गाईड एवढेच असता. कॅम्पला लिहिताना दोन्हींची चौकशी एकदमच करा. जूनअखेरीच्या तारखा लहान कॅम्पवर लवकर भरतात, म्हणून लुआंग्वाच्या रात्री आधी पक्क्या करा आणि मग त्यांच्याभोवती विमानं बसवा.