अनुभव धागा : आई-बाबांच्या मोबाइलवर कोणाची रिंग वाजू द्यायची?

आई नाशिकला एकटी राहते. 'तुमच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, व्हिडिओ कॉलवर या' असा फोन तिला आला. शेजारच्या काकू नेमक्या घरात होत्या म्हणून निभावलं. कायद्यात 'डिजिटल अरेस्ट', म्हणजे व्हिडिओ कॉलवरून अटक, असं काही नाहीच, पण घाबरलेल्या माणसाला ते त्या क्षणी कोण सांगणार? आता तिच्या अँड्रॉइडवर 'डू नॉट डिस्टर्ब' कायम चालू असतं, फक्त सेव्ह केलेले नंबर वाजतात. पण गॅसवाल्याचा फोनही वाजत नाही. तुम्ही घरी काय केलंय? सेटिंगसकट लिहा.

अबोली : त्याच सेटिंगमध्ये 'रिपीट कॉलर्स' चालू करा. एकाच नंबरवरून पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला की वाजतो. आमच्या घरी सगळ्यांना सांगून ठेवलंय, परक्याच्या फोनवरून लावायची वेळ आली तर लगेच पुन्हा लावा. बाबा रस्त्यात पडले तेव्हा रिक्षावाल्या दादांचा दुसरा फोन असाच लागला.

रानवाटा : व्हॉट्सअॅप विसरू नका! असले व्हिडिओ कॉल बरेचदा तिथूनच येतात आणि तिथे स्वतंत्र बंदोबस्त लागतो. सेटिंग्ज, प्रायव्हसी, कॉल्स, मग 'सायलेन्स अननोन कॉलर्स'. २०२३ पासून ही सोय आहे.

पिंपळपान : सासऱ्यांकडे आयफोन आहे. त्यातही अनोळखी नंबर गप्प करता येतात, पण आपण नुकताच ज्या नंबरला फोन केलाय तो वाजतो. म्हणून तपासणीची वेळ घेतली की दवाखान्याला आपणहून एक फोन करायचा. त्यांना हे छान जमलंय.

खिडकी : १९०९ ला फोन करून डीएनडी, म्हणजे जाहिरातींचे फोन नकोत, अशी नोंद करा. जाहिरातींना १४० ने सुरू होणाऱ्या नंबरांची मालिका आहे, बँका-विमावाल्यांच्या सेवेच्या फोनसाठी १६०० ची. साध्या दहा आकडी नंबरवरून विकायला येणारे डीएनडीला जुमानत नाहीत, त्यांची तक्रारही १९०९ वरच करायची. फसवणुकीचा संशय असेल तर 'संचार साथी' या सरकारी पोर्टलवर तक्रारीसाठी 'चक्षू' आहे. पैसे गेलेच तर मात्र थेट १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, तासभरही थांबू नका.

जाईजुई : मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे, म्हणून दुसरी बाजू लिहिते. रात्री पेशंटची तब्येत बिघडते, रक्त आणायला सांगायचं असतं आणि नातेवाइकांचा फोन लागून लागून उचललाच जात नाही. घरचं कोणी दवाखान्यात असेल तेवढे दिवस ही सगळी गाळणी काढून ठेवा, किंवा वॉर्डचा नंबर लिहून घेऊन सेव्ह करा. आम्ही आधी मेसेज टाकून मग फोन करतो, पण रात्री दोन वाजता मेसेज कोण बघतं?

धागाकर्ती : जाईजुई, वॉर्डच्या नंबरचं आजच घरी सगळ्यांना सांगते. 'रिपीट कॉलर्स' चालू केलं. गॅसचा डिलिव्हरीवाला मात्र दर वेळी वेगळ्या नंबरवरून आणि एकदाच फोन करतो. त्यावर कोणी काही तोडगा काढलाय का?