'गाडी हलत नसेल तर विकून मोकळे व्हा': हा सल्ला मला अजिबात पटलेला नाही

दुहेरी_क्लच

परवा या मंचावर रोखठोक यांनी लिहिलं, "जुनी गाडी सहा महिने जागची हलली नसेल तर ती गाडी नव्हे, अडकलेला पैसा आहे. भावना बाजूला ठेवा आणि गिऱ्हाईक आहे तोवर विका. तुमच्या मुलांना ती नकोच आहे." त्याखाली 'सहमत, सहमत'ची रांग लागली. मला वाचून राग आला. तो का आला ते नीट लिहितो.

माझ्याकडे वडिलांची १९६५ची फोक्सवॅगन बीटल आहे. सहा व्होल्टची, १२०० सीसी. मी ती रोज काढत नाही आणि काढणारही नाही. ऐतिहासिक वाहनांची जागतिक संघटना, फिवा, हिची व्याख्याच अशी आहे की वाहन किमान ३० वर्षं जुनं हवं, मूळ रूपात जपलेलं हवं आणि रोजच्या ये-जा करण्यासाठी वापरात नसावं. म्हणजे रोखठोक ज्याला दोष म्हणतात ते अशा गाडीचं लक्षण आहे.

'विकून पैसे गुंतवा' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की पैसे पुन्हा उभे करता येतात, हीच गाडी पुन्हा मिळत नाही. दुसरी बीटल मिळेल. २००३ साली मेक्सिकोत शेवटची बाहेर पडेपर्यंत दोन कोटी पंधरा लाखांच्या वर बनल्या. पण माझ्या गाडीच्या क्लच पेडलचं रबर डाव्या कडेला जास्त झिजलंय, कारण वडील पाय तिरका ठेवायचे. नवीन रबर सहज मिळतं, बसवायला दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. मी ते कुणाला बदलू दिलेलं नाही.

विकायची की ठेवायची हे किलोमीटरवर ठरत नाही. गाडीखाली आडवं व्हायला घरात कुणी आहे का, यावर ठरतं. तसं कुणी असेल तर वर्षातून चारदा निघाली तरी ती गाडीच आहे.

रोखठोक

दुहेरी_क्लच, माझं अर्धंच वाक्य उचललंत. जो स्वतः हात काळे करतो त्याच्याबद्दल मी बोलत नाहीये, हे त्याच प्रतिसादात लिहिलं होतं. पण असे किती जण आहेत?

माझ्या मामांकडे मर्सिडीज होती, डब्ल्यू १२३ मॉडेलची. टणक गाडी. मामा दर रविवारी कापड काढायचे, इंजिन सुरू करायचे, दहा मिनिटं जागेवरच गुरगुरू द्यायचे आणि बंद करायचे. आपण गाडीची काळजी घेतोय असं त्यांना मनापासून वाटायचं. प्रत्यक्षात दहा मिनिटांत ऑइल पुरतं तापत नाही, जळलेल्या इंधनातलं पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये साचतं आणि आतून कुजवतं. त्यापेक्षा सुरूच केली नसती तर बरं झालं असतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढत राहिलं, चाकाजवळचे ब्रेक दाबणारे कॅलिपरचे पिस्टन जाम झाले. टायरची नक्षी नव्यासारखी आणि बाजूच्या भिंतींना बोट जाईल एवढ्या भेगा. 'पुढच्या वर्षी सगळं करून घेऊ' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. शेवटी मामा गेले, मामी राहिल्या आणि गाडी भंगारात वजनावर गेली. वेळेत विकली असती तर आज कुणीतरी चालवत असतं.

आणि लोकांच्या डोक्यात लिलावाचे आकडे बसलेत. २०२२ साली मर्सिडीजची ३०० एसएलआर कूपे साडेतेरा कोटी युरोंना गेली, ते वाचून प्रत्येक जण आपल्या शेडकडे बघतो. त्या कूपे जगात दोनच बनल्या होत्या हो! तुमच्या-माझ्या गाडीची किंमत ठरते ती तरुणपणी त्या गाडीची स्वप्नं बघितलेले लोक आज किती आहेत यावर. ती पिढी सरली की मागणीही सरते.

मागची_सीट

रोखठोक यांचा मामांचा किस्सा वाचून राहवलं नाही. आमच्याकडे उलटं झालं. बाबांनी गाडी उत्तम ठेवली होती, पण ती कुणाला द्यायची हे कधीच सांगितलं नाही. आम्ही तीन भावंडं. मोठा म्हणे मला हवी, पण जागा नाही. धाकटा म्हणे विका आणि वाटून घ्या. मी म्हटलं मी सांभाळते, तर दोघं एकदम म्हणाले, "तुला काय कळतं गाडीतलं?" बाबांच्या बरोबर कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) उघडून त्यातली बारीक भोकांची जेट साफ करायला मीच बसायचे, हे दोघांनाही माहीत होतं.

गाडी विकली गेली. आज दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत.

म्हणून दुहेरी_क्लच, तुमचा मुद्दा मला अपुरा वाटतो. गाडीखाली कोण आडवं होतं हे बरोबर, पण तुमच्यानंतर कोण, हे तुम्ही धडधाकट असताना लिहून ठेवलंय का? मूळ कागद, बिलं, कुठलं काम कधी केलं त्याची वही, हे सगळं एका जागी आहे का? विम्याचंही बघा. आमच्या गाडीला एकदा मागून धडक बसली तेव्हा विमा कंपनीने 'जुनं वाहन' म्हणून जी रक्कम हातावर ठेवली, त्यात एक दरवाजासुद्धा आला नसता. किंमत आधीच ठरवून केलेला विमा असतो, तो घ्या.

वीजवाहक

एक तिसरा मार्ग कुणीच बोलत नाहीये. विकायचीही नाही आणि कुजवायचीही नाही. इलेक्ट्रिक करा! बीटल तर यासाठीच बनल्यासारखी आहे. इंजिन मागे चार बोल्टांवर लटकलेलं, ते उतरवायचं, मूळ गिअरबॉक्सला अडॅप्टर प्लेट लावून मोटर बसवायची. कार्बोरेटर, ठिणगी पाडणारे पॉइंट, पेट्रोलचा वास, सगळी कटकट संपली. मुलंही चालवतील. २०१७ साली खुद्द जॅग्वारने ई-टाइप इलेक्ट्रिक करून दाखवली आणि २०१८ च्या ब्रिटिश राजघराण्यातल्या लग्नात नवरा-नवरी त्यातूनच गेले.

मूळ_रंग

वाटच बघत होतो हे कोण लिहितंय याची.

वीजवाहक, इंजिन काढलेली बीटल ही बीटल नाही. ते बीटलचं कवच आहे. हवेवर थंड होणारं चार सिलिंडरांचं इंजिन मागे बसवणं, हाच त्या गाडीचा मूळ विचार. तो काढलात तर उरलं काय, गोल छप्पर? फिवाने २०१९ साली स्पष्ट भूमिका घेतली की अशा बदललेल्या गाड्या ऐतिहासिक वाहनाच्या व्याख्येत बसत नाहीत. राजघराण्यात वापरली म्हणून ती योग्य ठरत नाही. त्यापेक्षा विकलेली परवडली, निदान घेणारा इंजिन तरी ठेवेल.

वीजवाहक

व्याख्या तुमच्याकडे ठेवा. मला गाडी रस्त्यावर हवी आहे, दाखल्यात नको. आणि चार बोल्ट उघडले तसे परत लावताही येतात. मूळ इंजिन तेल भरून कोपऱ्यात ठेवा, उद्या हवं तेव्हा बसवा.

मूळ_रंग

'उद्या बसवू' आणि मामांचं 'पुढच्या वर्षी करू' यात फरक काय? बॅटरीसाठी पुढची टाकी काढतात, ब्रॅकेटसाठी पत्र्याला भोकं पाडतात, सहा व्होल्टची वायरिंग उपटून फेकतात. मी अशी एक गाडी जवळून पाहिली आहे. मालक म्हणत होता सगळं पूर्ववत करता येतं. मी विचारलं, मूळ इंजिन कुठे आहे? ते त्याने कधीच देऊन टाकलं होतं.

वीजवाहक

तुमच्यासारख्यांमुळेच तरुण लोक या छंदाकडे फिरकत नाहीत. नट चुकीचा, रंगाची छटा चुकीची, टायर चुकीचे. पहिल्याच भेटीत दहा चुका ऐकल्या की माणूस पुन्हा येत नाही. माझ्या मुलीला मी अशाच एका मेळाव्यात घेऊन गेलो होतो. एका गृहस्थांनी तिला बोनेटला हातही लावू दिला नाही. ती आता माझ्या गाडीकडे बघतही नाही.

मूळ_रंग

मुलीशी ते गृहस्थ वाईट वागले, हे मान्य. त्याची शिक्षा इंजिनाला का?

तिसरा_सिलिंडर

दोघंही जरा थांबा. धागा विकायची की ठेवायची यावर आहे.

दुहेरी_क्लच, मी याच इंजिनांवर काम करतो. ठेवायची ठरवलीत तर आधी दोन गोष्टी बघा, कारण या दोन गोष्टींनी बीटल जळतात. पहिली, पेट्रोलची रबरी नळी. जुन्या नळीवर विणलेलं कापड असतं, त्यामुळे आतलं रबर तडकलेलं वरून दिसत नाही. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर मऊ करतं. शिवाय कार्बोरेटरमध्ये ठोकून बसवलेली पितळी नळी काळाबरोबर सैल होते, तीही हाताने हलवून बघा. दुसरी, मागच्या सीटखालची बॅटरी. तिच्यावर झाकण नसेल आणि मागे जड माणूस बसला तर सीटची स्प्रिंग टर्मिनलला टेकते, ठिणगी पडते आणि सीटमधला काथ्या पेटतो. सीट उचललीच आहे तर बॅटरीखालचा पत्राही टोचून बघा. ॲसिडने तो आधी जातो.

माझ्या नावाबद्दल मागे कुणी विचारलं होतं. १९७१ च्या आधीच्या इंजिनांत ऑइल कूलर पंख्याच्या हवेच्या वाटेतच उभा असतो, त्यामुळे तिसऱ्या सिलिंडरला गार हवा कमी मिळते आणि त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आधी दगावतो. त्या व्हॉल्व्हपाशी ठेवलेली बारीक फट, म्हणजे क्लिअरन्स, दर वेळी कमी भरत असेल तर समजायचं की व्हॉल्व्ह निकामी होत चाललाय. ही नोंद वहीत असेल तर विकतानाही उपयोगी पडते. जाणकार गिऱ्हाईक पॉलिश बघत नाही, वही मागतं.

आणि वीजवाहक, पेट्रोलचा वास येणं ही 'कटकट' नाही. ती गळती आहे. ती शोधायची असते.

रोखठोक

तिसरा_सिलिंडर यांनी माझंच म्हणणं सांगितलं. हे एवढं सगळं करायला वेळ आहे का? दुहेरी_क्लच, स्पष्ट विचारतो. नळी शेवटची कधी बदललीत? पेडलचं रबर जपलंत ते दिसलं. वडिलांच्या आठवणीमागे लपून गाडी कुजवणारे मी पुष्कळ पाहिलेत.

दुहेरी_क्लच

माझ्या वडिलांच्या आठवणीमागे मी लपतोय असं म्हणायचा तुम्हाला काहीही अधिकार नाही. तुमच्या मामांचा राग माझ्यावर काढू नका.

तरी उत्तर देतो, कारण प्रश्न रास्त आहे. नळ्या गेल्या पावसाळ्याआधी बदलल्या, इथेनॉल सोसणाऱ्या, पंपापासून कार्बोरेटरपर्यंत. बॅटरीला झाकण आहे. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलतो. गाडी काढतो तेव्हा इंजिन पुरतं तापेपर्यंत रस्त्यावर चालवतो, जागेवर गुरगुरत ठेवत नाही. सगळं वहीत आहे, वडिलांनी सुरू केलेल्या वहीत त्यांच्या नोंदींच्या खालीच.

मागची_सीट, तुमचा प्रतिसाद मात्र मी पुन्हा पुन्हा वाचला. माझ्यानंतर कुणाची, हे कुठेच लिहिलेलं नाही. माझा मुलगा गाडीत रमत नाही. भाची रमते, गिअर बदलताना रेस कशी जुळवायची ते तिने माझ्याकडूनच शिकलंय. मुलाशी आणि बहिणीशी बोलून तिच्या नावाने लिहून ठेवणार आहे.

रोखठोक

ठीक आहे. तुमची गाडी विकू नका. वहीचं वाचून एवढं मान्य करतो, आणि वडिलांबद्दलचं वाक्य मागे घेतो. पण सल्ला मागे घेत नाही, कारण तो तुमच्यासाठी नव्हताच. ज्याच्याकडे वही नाही, भाची नाही आणि कापडाखाली नक्की काय आहे हे ज्याने वर्षानुवर्षं पाहिलेलं नाही, त्याने चालवणाऱ्याला गाडी द्यावी. दर पडेपर्यंत थांबू नये आणि दर चढण्याचीही वाट बघू नये.

मागची_सीट

भाचीला नुसती कागदावर देऊ नका. आत्तापासून वहीत तिच्या हाताने नोंदी करून घ्या. उद्या कुणी "तुला काय कळतं" म्हणालं तर पान उघडून दाखवता येईल.

वीजवाहक

मूळ_रंग, माझा प्रश्न तसाच राहिला. ज्या गाडीचं मूळ इंजिन आधीच गेलंय, इंजिनची केस म्हणजे बाहेरची पेटी फुटलीय, तिचं काय करायचं? तिलाही मोटर नको?

मूळ_रंग

अशा गाडीला मोटर बसवा, मी आडवा येणार नाही. पण पत्र्याला भोक पाडू नका आणि विकताना तिला 'मूळ' म्हणू नका.

तिसरा_सिलिंडर

केस फुटली म्हणजे कुठे फुटली? तिसऱ्या सिलिंडरच्या मागे, फ्लायव्हीलच्या बाजूला बारीक चीर असेल आणि तिथून फक्त तेल पाझरत असेल तर मोटरचा विचार करायच्या आधी फोटो टाका. मॅग्नेशियमची केस आहे, वेल्डिंग कुणाच्याही हातात देऊ नका.