वडिलांचा विसर वाढतोय, कुलमुखत्यारपत्र पुरेल का?

प्रश्न: वडील ७८ वर्षांचे. स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे. कोल्हापुरात कसबा बावड्यात घर, बँकेत ठेव. मुखत्यारपत्र (त्यांच्या वतीनं व्यवहार करायचा लेखी अधिकार) करून ठेवलं की झालं ना?

उत्तर १: नाही झालं. करार कायदा, कलम २०१: देणाऱ्याची बुद्धी गेली की मुखत्यारपत्र आपोआप संपतं. नेमकं गरज लागते तेव्हाच! समजतंय तोवर ठेव संयुक्त नावावर घ्या.

उत्तर २: मृत्युपत्रही आत्ताच उरका. दोन साक्षीदार, पण ज्यांना वाटा मिळणार ते साक्षीदार नकोत. स्टॅम्प लागत नाही, नोंदणी ऐच्छिक. बुद्धी शाबूत असल्याचा त्याच तारखेचा डॉक्टरांचा दाखला जोडा. पुढं भांडण त्यावरच होतं.

उत्तर ३: समज गेलीच, तर वडिलांसाठी पालक नेमायला उच्च न्यायालयात रिट याचिका. ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच (मुंबई उच्च न्यायालयाचं फिरतं खंडपीठ) कोल्हापुरातच आहे, मुंबईची फेरी वाचली.