देवाची योजना आहे म्हणून फॉर्मच भरायचा नाही का?

दांडीवाली
काल आमच्या प्रार्थनेच्या ग्रुपवर एकाने पोस्ट टाकली. उगवता सूर्य, त्यावर बायबलमधली यिर्मया 29:11 ही ओवी, तुमच्यासाठी माझ्या योजना हिताच्याच आहेत असं देव म्हणतो ती, आणि खाली लांबलचक उपदेश की तरुणांनो करिअरच्या मागे धावणं ही आजची मूर्तिपूजा, आपली स्वप्नं क्रुसापाशी ठेवा, देवाची योजना आपोआप उघडेल. खाली 42 आमेन. मी दोनदा लिहून खोडलं, आता इथे ओकते.

हे मी अंगावर काढलंय. बारावीनंतर मला नर्सिंगला जायचं होतं. प्रार्थनेला येणाऱ्या एका बाईने बाबांना सांगितलं, पोरीबद्दल देवाची वेगळी योजना आहे, मला दर्शनात दिसलं. बाबा साधे, रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढण्यात, आयुष्य गेलेलं, त्यांनी फॉर्म कपाटावरच्या डब्यात ठेवला. तारीख गेली. एक वर्ष मी सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलली, बोटांना चिरा पडायच्या, मीठ लागलं की जीव जायचा. पुढच्या वर्षी आईने गुपचूप पैसे दिले आणि मी फॉर्म भरला, आज 14 वर्षं वॉर्डात आहे. त्या बाईची मुलगी तेव्हा कुठे होती माहितीय? इंजिनिअरिंगला, मुंबईत.

आणि यिर्मया 29 वाचायचंच तर पाचव्या ओवीपासून वाचा ना. बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे ते. घरं बांधा, मळे लावा, त्यांची फळं खा, पोराबाळांची लग्नं करा. दहाव्या ओवीत 70 वर्षं सांगितलीत, म्हणजे पत्र ऐकणारे बहुतेक तिथेच मरणार. सूर्याच्या फोटोवर हे कोण टाकणार.

निवृत्त कॅटेकिस्ट
ताई, राग त्या बाईवर आहे आणि उतरवताय पोस्टवर. याकोबाचा चौथा अध्याय काढा. आज उद्या अमक्या शहरी जाऊ, वर्षभर राहू, धंदा करू, नफा मिळवू म्हणणाऱ्यांना तो काय म्हणतो? उद्या काय होईल ते तुम्हाला कळत नाही, तुम्ही क्षणभर दिसणारी वाफ आहात. 31 वर्षं धर्मशिक्षण दिलंय मी. आधी पोरं दृढीकरणाच्या संस्कारापर्यंत तरी टिकायची, आता दहावीनंतर रविवारी क्लास असतो, चर्चमध्ये मिस्सेला कोण येणार. आईबापच पाठवत नाहीत.

दांडीवाली
सर, याकोब 'प्रभूची इच्छा असेल तर हे करू, ते करू' असं म्हणायला सांगतो. 'करू' आहे त्यात. फॉर्म डब्यात ठेवा असं कुठे आहे? आणि मत्तय 25 मधला, मालकाचे पैसे पुरून ठेवून बोलणी खाणारा नोकर पण देवाच्या भरवशावर बसणाराच माणूस होता बहुतेक.

तारवटी
मी सरांच्या बाजूने. मी 19 वर्षं शिपवर काढली. आधी घर, मग मोठं घर, मग गावात कुणाचं नाही असं घर. शेवटचं कॉन्ट्रॅक्ट घ्यायची गरज नव्हती, पप्पा आजारी होते, फादरनी सांगितलं थांब, मी म्हटलं एवढं एक करून येतो. पप्पांचं मरण मी अटलांटिकमध्ये मेसरूममधे मोबाइलवर बघितलं, नेट तुटत होतं, शवपेटी उचलली आणि चित्र अडकलं ते तसंच राहिलं. आता ते मोठं घर आहे, 6 खोल्या, मी आणि मम्मी दोघं, 4 खोल्या बंद. काजूची बाग बघतो, सकाळी मिस्सेला जातो. कुणी मला महत्त्वाकांक्षा शिकवू नये.

दांडीवाली
दादा, वाईट वाटलं, खरंच. पण तुम्ही 19 वर्षं कमावून मग बाग घेतलीत. ज्याच्याकडे बाग नाही त्याला थांब म्हणणं वेगळं.

तारवटी
हे लागलं. पण खोटं नाही.

वेंगुर्ल्याहून
आम्ही मिशनवाले, म्हणजे प्रोटेस्टंट, तुमच्या नोव्हेनात, नऊ दिवसांच्या प्रार्थनेत, पडत नाही, पण एक उदाहरण देतो. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक. आपल्याच कोकणातले, जन्म करजगावचा. 1917 मध्ये मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' ही स्वतःची भक्तमंडळी काढली. देवावर विसंबणं म्हणजे काय ते तिथे बघा, नाहीतर आपण सगळे प्रॉव्हिडंट फंड मोजत प्रार्थना करतो.

दांडीवाली
आणि घर कोणी चालवलं? त्यांच्या बायकोने, लक्ष्मीबाईंनी. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, बाईंचा 1900 चा. नवऱ्याला देवाची योजना आधी कळते, बायकोला पाच वर्षांनी, मधल्या काळात रडायचं तिने. आमच्याकडे पण हेच, दर्शन एकाला होतं आणि सुंगटं दुसरी सोलते.

वेंगुर्ल्याहून
हे जरा जास्त होतंय. पुढे त्या स्वतःच्या मनाने आल्या.

दांडीवाली
तेच तर म्हणतेय. स्वतःच्या मनाने.

रापणीचा तांडेल
एवढा वेळ वाचतोय. येशूच्या मागे जायला पेत्राने जाळी सोडली हे प्रत्येक रिट्रीटला सांगतात. पण योहान 21 कोण वाचत नाय. पुनरुत्थान झाल्यावरसुद्धा पेत्र म्हणतो मी मासे धरायला जातो, म्हणजे होडी कोणी विकली नव्हती. जाळ्यात 153 मासे, मोजून लिहिलेत, लिहिणारा पण मच्छीमारच, नायतर 'पुष्कळ' लिहून मोकळा झाला असता. आज पेत्र मालवणात असता तर 3 पेडवे गावले असते. मोठ्या बोटीतून वेढा घालणारं जाळं टाकणारे पर्ससीनवाले रात्रीत सगळा थवा उचलतात. केंद्राने 2017 ला एलईडी दिवे लावून मासे धरण्यावर बंदी घातली, तरी रात्री दांडीच्या किनाऱ्यावर उभा रहा, समोर दर्यात गाव वसल्यासारखे दिवे दिसतात. यात देवाची योजना खय ती दाखव मेल्या.

मिरकरवाडा
मी तुमच्या धर्माचा नाही पण आम्हा पर्ससीनवाल्यांवर आलात म्हणून बोलतो. एलईडीवाले आणि परवान्यावाले पर्ससीन एकाच टोपलीत टाकू नका. राज्य सरकारच्या 2016 च्या आदेशानंतर आम्हाला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच सीझन, 30 खलाशी, बँकेचा हप्ता बारा महिने. अल्लाची मर्जी आम्ही पण म्हणतो, पण डिझेल आम्हीच भरतो.

रापणीचा तांडेल
30 खलाशी सांगू नको. रापणीला पूर्वी 80 माणसं लागायची. होडी जाळं टाकत वळसा घेऊन येते, दोन्ही दोर किनाऱ्यावर, एकेका दोराला चाळीस जण, मागे मागे सरकत ओढायचं, वाळूत टाच रुतवून. मग वाटे. विधवा बाई येऊन दोराला हात लावून गेली तरी तिला टोपलीभर मिळायचं. तुमच्या बोटीवर विधवेला काय मिळतं?

मिरकरवाडा
तुमच्या रापणीत मालकाचा वाटा किती असायचा तो पण सांगा ना मग. गरिबीची गाणी गाऊ नका. पोरं का सोडून गेली रापण?

रापणीचा तांडेल
मासे नाय म्हणून!

तारवटी
मी गेलो कारण वाट्याला येणाऱ्या पैशात घर चालत नव्हतं. मासे होते तेव्हा, 2001. सॉरी तांडेल.

निवृत्त कॅटेकिस्ट
विषय काय होता, चाललाय कुठे. अ‍ॅडमिन आहे का कोणी?

दांडीवाली
सर, विषय हाच आहे. या लोकांना 'स्वप्नं क्रुसापाशी ठेवा' सांगून बघा.

निवृत्त कॅटेकिस्ट
बरं, ऐका. फॉर्म भरावा. आधी प्रार्थना करावी, मग भरावा, मग परत प्रार्थना करावी. निकाल उलटा लागला तर देवाला जाब विचारू नये, एवढंच माझं म्हणणं. आणि ते दर्शनवाल्या बाईंचं चुकलं. दर्शन असं वाटत फिरत नाहीत.

दांडीवाली
व्हय म्हाराजा! शेवटचं वाक्य स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकू?

निवृत्त कॅटेकिस्ट
नको. त्या माझ्या विहीणबाई आहेत.

रापणीचा तांडेल
उद्या पहाटे रापण टाकतोय, दोराला माणसं कमी आहेत. इथे ज्यांना एवढी ताकद आहे त्यांनी 5 वाजता या.

तारवटी
येतो. वाटा देणार का?

रापणीचा तांडेल
गावले तर.